कपड्यांच्या ड्रायरची वाफ बाहेर जात नाही. पाइप घरच्या घरी साफ करता येईल का?

पारिजात, जुळे सोलापूर

नमस्कार. आमच्या घरी चार वर्षांपासून सात किलोचा, विजेवर चालणारा ड्रायर आहे. ओली गरम हवा पाइपातून घराबाहेर सोडणारा हा साधा प्रकार आहे. सोलापूरच्या उन्हात ड्रायर कशाला हवा, असे मला नेहमी विचारले जाते, म्हणून कारण आधीच लिहिते. सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या आहेत आणि त्यांच्या चादरी, टॉवेल, गाऊन दिवसातून दोन वेळा बदलावे लागतात. नळाला पाणी चार-पाच दिवसांनी येते, त्यामुळे पाण्याच्या दिवशी साठलेला सगळा ढीग एकदम धुवावा लागतो आणि पावसाळ्यात तो वाळवायला गच्चीचा उपयोग होत नाही. ड्रायर बंद पडला की सासूबाईंना कोरडी चादर मिळणे अवघड होते.

मागच्या दोन महिन्यांपासून अडचण अशी आहे की, जे टॉवेल पूर्वी तासाभरात वाळत असत, ते आता दोन तासांनंतरही काठाकडे ओलसर राहतात. हाताला मात्र ते चटका बसेल इतके गरम लागतात. मशीनचा वरचा पत्रा तापतो, ड्राय बाल्कनीच्या काचांवर पाण्याचे थेंब जमतात आणि दमट, किंचित करपल्यासारखा वास येतो. दार उघडल्यावर जी जाळी काढता येते ती मी प्रत्येक वेळी साफ करते. दुरुस्तीसाठी एक जण येऊन गेले. त्यांनी मशीन न उघडताच हीटर गेल्याचे सांगितले आणि चार हजार आठशे रुपयांचा खर्च काढला.

आमचा पाइप चंदेरी, घड्या पडणारा आहे. तो मशीनच्या मागून छताजवळून जाऊन, तीन वळणे घेऊन, बाहेरच्या भिंतीतून निघतो. लांबी अंदाजे चौदा फूट असावी. आम्ही दुसऱ्या मजल्यावर राहतो. दोष हीटरचा आहे की पाइपाचा, हे घरी कसे ओळखावे? पाइप स्वतः साफ करता येईल का? आणि तोपर्यंत मशीन वापरत राहणे धोक्याचे आहे का?

फिटरकाका, अक्कलकोट रोड

पारिजातताई, शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण ते थांबू शकत नाही. करपल्यासारखा वास येत आहे, तेव्हा पाइप साफ होईपर्यंत मशीन लावू नका. मी टॉवेलच्या कारखान्यात एकतीस वर्षे देखभालीचे काम केले आहे. कापसाचा सुटा तंतू वजनाला काहीच नसतो, पण पेट घ्यायला त्याच्याइतके तयार दुसरे काही मी पाहिलेले नाही. यंत्रमागाच्या शेडमध्ये मोटारींवरची आणि वायरिंगवरची ही धूळ रोज झाडून काढावी लागते ती एवढ्याचसाठी. तुमच्या ड्रायरमध्ये तोच तंतू तापलेल्या हीटरच्या शेजारी साठत आहे.

आता दोष कुठे असावा, याविषयी. कापड वाळते ते केवळ उष्णतेने वाळत नाही. पाणी उचलून नेणारी हवा सतत बदलावी लागते. मे महिन्यात आपल्याकडे गच्चीवर टाकलेला टॉवेल तासाभरात कडक होतो, कारण ऊन आहे आणि कोरडा वाराही आहे. तोच टॉवेल बंद पत्र्याच्या खोलीत टांगा. खोली गच्चीपेक्षा जास्त तापलेली असली तरी तो लवकर वाळणार नाही, कारण आतली हवा पाण्याने भरून जाते आणि तिला बाहेर पडायला वाट नसते. तुमच्या ड्रायरमध्ये नेमके हेच होत असावे. पाइप तुंबला की वारा मंदावतो, मंद वाऱ्यामुळे आतली हवा गरजेपेक्षा जास्त तापते, मग संरक्षक थर्मोस्टॅट हीटर बंद करतो, थोड्या वेळाने पुन्हा सुरू करतो, आणि असे सारखे चालू राहते. म्हणूनच तुमचे टॉवेल गरम आहेत आणि तरीही ओले आहेत. हीटर खरोखर जळला असता तर कपडे थंड निघाले असते.

घरी खात्री करून घेण्याची सोपी रीत अशी आहे. प्लग काढून मशीन पुढे ओढा, मागचा पाइप सोडवा आणि मशीनच्या तोंडाशी व आत हात पोहोचेल तिथपर्यंत दिसणारा सगळा तंतू काढून टाका. मग पाइप न जोडता, खिडक्या उघड्या ठेवून, तीन-चार ओले टॉवेल घालून मशीन फक्त पंधरा मिनिटे चालवा आणि तेवढा वेळ जवळच उभे राहा. मागच्या तोंडातून हवा जोरात आणि गरम आली तर पंखा व हीटर दोन्ही नीट आहेत आणि दोष पुढच्या पाइपात आहे. करपल्याचा वास वाढला तर लगेच बंद करा. ही चाचणी विजेच्या ड्रायरपुरतीच आहे. परदेशात गॅसवर चालणारे ड्रायर असतात, त्यांचा धूरही याच पाइपातून जातो, म्हणून तिकडे पाइप काढून मशीन चालवणे जिवावर बेतू शकते.

तुम्ही जाळी प्रत्येक वेळी साफ करता हे उत्तम आहे, पण टॉवेलांच्या बाबतीत तेवढे पुरत नाही. टेरी, म्हणजे वेटोळ्यांच्या, टॉवेलात ताण्याचे (लांबीत जाणाऱ्या उभ्या धाग्यांचे) दोन संच असतात. एक घट्ट ताणलेला, जो कापडाचा पाया धरतो, आणि दुसरा सैल, ज्याची वेटोळी दोन्ही अंगांवर उभी राहतात. वेटोळ्यांच्या सुताला पीळ मुद्दाम कमी देतात, कारण कमी पिळाचे सूत पाणी चांगले शोषते. पण त्याच कारणाने त्यातले आखूड तंतू धुताना आणि घुसळताना सुटून येतात. त्यांतला बारीक भाग जाळीतून पार होतो, आणि पुढे पाइपात हवा थंडावून भिंतींना ओल धरली की तिथे चिकटून बसतो. एकदा थर बसला की त्याच्यावर पुढचा थर बसायला वेळ लागत नाही.

वायरमन, विजापूर रोड

फिटरकाकांच्या म्हणण्याशी मी पूर्ण सहमत आहे. ताई, मी घरगुती उपकरणांच्या दुरुस्तीचे काम करतो आणि न तपासता हीटर बदलायला सांगणे मला योग्य वाटत नाही. आता प्रत्यक्ष सफाईचे लिहितो.

स्विच बंद करणे पुरेसे समजू नका. प्लग बाहेर काढा. आधी छताजवळच्या पाइपाचे मोबाईलमध्ये फोटो काढून ठेवा, म्हणजे परत बसवताना गोंधळ होणार नाही. नाका-तोंडाला मास्क लावा, कारण हा तंतू छातीत जातो आणि यंत्रमागावर आयुष्य काढलेल्या माणसांना त्याचा त्रास काय असतो, हे सोलापुरात कोणाला सांगायला नको. सासूबाईंच्या खोलीचे दार बंद ठेवा आणि शक्य असेल तर दाराखाली ओला टॉवेल लावा.

दोन्ही टोकांचे क्लॅम्प पेचकसाने सैल करा आणि पाइप सबंध खाली उतरवा. छताला लटकलेल्या पाइपात ब्रश घालून साफ करण्याचा प्रयत्न करू नका. ऑनलाइन मिळणारे गोल ब्रश आणि एकमेकांत जोडत जाणाऱ्या लवचिक काड्या कडक पत्र्याच्या पाइपासाठी फार उपयोगी आहेत. परंतु तुमचा पाइप पातळ फॉइलचा असल्यामुळे ब्रशने तो फाटेल. काड्या ड्रिलला जोडणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावे की ड्रिल कधीही उलट दिशेने फिरवू नये, नाहीतर काड्यांचे पेच सुटून ब्रश पाइपाच्या मधोमध अडकतो आणि मग भिंत फोडण्याची वेळ येते.

खरे सांगायचे तर चार वर्षांचा फॉइलचा पाइप साफ करण्यात वेळ घालवू नये, तो बदलावा. त्याच्या प्रत्येक घडीत तंतू अडकतो आणि मध्ये झोळ पडला की तिथे पाणी साठून लगदा होतो. अमेरिकेतील निवासी बांधकाम संहितेत चार इंची पाइपाची एकूण लांबी साधारण ३५ फुटांपर्यंत चालते आणि प्रत्येक काटकोनी वळणासाठी त्यातून पाच फूट वजा केले जातात. तुमचे चौदा फूट आणि तीन वळणांचे पंधरा, म्हणजे हिशेब एकोणतीसवर जातो. तो पस्तिसात बसतो, पण हा नियम आतून गुळगुळीत असलेल्या धातूच्या पाइपासाठी आहे. लवचिक पाइप तिथे फक्त मशीनपासून भिंतीपर्यंत जोडण्यापुरता, जास्तीत जास्त आठ फूट, वापरू देतात. तुमच्या मशीनच्या पुस्तिकेतली मर्यादा याहूनही कमी असू शकते, तेव्हा ती आधी वाचा आणि तीच पाळा.

सोलापुरात कूलरच्या पत्र्याचे काम करणारे कारागीर ठिकठिकाणी आहेत. त्यांच्याकडून चार इंच व्यासाचे जस्ताच्या पत्र्याचे नळ आणि कोपरे करून घेता येतात. जोड देताना आधीच्या नळाचे टोक पुढच्या नळाच्या आत जावे, म्हणजे हवेच्या वाटेत कड आडवी येत नाही. जोडाला स्क्रू मारू नका, कारण स्क्रूचे टोक आत येते आणि त्यावर तंतू गुंतत जातो. जोड फॉइलच्या चिकटपट्टीने बंद करा; कापडी किंवा तपकिरी चिकटपट्टी उष्णतेने सुटते. बाहेरच्या बाजूला किंचित उतार द्या, म्हणजे साचलेले पाणी मशीनकडे परत येणार नाही. आणि कोणी स्वस्तात पडेल म्हणून सांडपाण्याचा पीव्हीसी पाइप सुचवला तर ऐकू नका. तो उष्णतेने मऊ पडतो आणि पेटला तर त्याचा धूर विषारी असतो.

पारिजात, जुळे सोलापूर

काका आणि दादा, दोघांचे मनापासून आभार. काल दुपारी यजमानांच्या मदतीने पाइप उतरवला. चाचणीत मशीनच्या तोंडातून हवा जोरात आणि चांगली गरम आली, म्हणजे हीटर शाबूत आहे. पाइपाच्या दुसऱ्या वळणात राखाडी रंगाचा, नमद्यासारखा घट्ट थर होता आणि झोळ पडला होता तिथे ओला लगदा. एवढे सगळे काढल्यावर धुण्याची अर्धी बादली भरली. पत्र्याचे नळ मिळायला चार दिवस लागणार आहेत, म्हणून तोपर्यंतच्या सोयीसाठी नवा फॉइलचा पाइप आणला, तो ताणून, झोळ न ठेवता बसवला.

फरक पडला, पण पूर्ण नाही. टॉवेलांना आता दीड तास लागतो. सेल्फी स्टिकला मोबाईल लावून, खिडकीच्या ग्रिलमधून बाहेरच्या तोंडाचे चित्रण केले, तेव्हा मशीन चालू असतानाही तिथली झडप जेमतेम बोटभर उघडलेली दिसली. पाइप नवा असताना असे का व्हावे?

सुगरण, होटगी रोड

पारिजात, तुमच्या झडपेच्या मागे जाळी आहे का ते बघा. आमच्याकडे हेच झाले होते. आमच्या इमारतीत कबुतरांचा फार त्रास आहे, म्हणून ड्रायर बसवताना त्या माणसाने बाहेरच्या तोंडावर आतून बारीक तारेची जाळी लावून दिली आणि आम्हालाही ती मोठी सोय वाटली. सहा महिन्यांत त्या जाळीवर तंतूंचा इतका दाट थर बसला की दिव्यासमोर धरली तर पलीकडचा उजेड दिसत नव्हता. मी आतला पाइप दोनदा साफ केला, मशीनची जाळी साबणाने धुतली, आणि जिथे खरा बांध घातलेला होता तिकडे माझे लक्षच गेले नाही.

ती जाळी कायमची काढून टाका. पक्ष्यांसाठी हलकी झडप पुरते. हवा आली की उघडते आणि मशीन थांबले की आपल्या वजनाने मिटते. झडपेच्या बिजागरीत तंतू अडकलेला असेल तर जुन्या टूथब्रशने काढा. मात्र दुसऱ्या मजल्यावर ग्रिलबाहेर वाकून हे काम करू नका. आम्ही आतून भिंतीतला नळीचा तुकडा ओढून काढला, त्याच्याबरोबर जाळीही आली. तसे जमत नसेल तर परांची लावणाऱ्या माणसाला बोलवा. त्याला द्यावे लागलेले पैसे मला अजिबात जास्त वाटले नसते.

मशीनच्या जाळीबद्दलही लिहिते, कारण मला ते उशिरा कळले. ती हाताने पुसून स्वच्छ दिसते, पण कपडे मऊ करणाऱ्या द्रव्याचा पातळ थर तिच्यावर बसलेला असू शकतो. नळाखाली धरून पाणी ओता. पाणी पार न होता वर थांबले तर कोमट पाणी, थोडे भांड्यांचे साबण आणि मऊ ब्रशने ती धुवा आणि पूर्ण वाळल्यावरच परत बसवा.

निळी छत्री, नवी पेठ

मला एक शंका आहे. आपल्याकडची हवा वर्षातले आठ महिने कोरडी असते. मग एवढी पाइपाची यातायात करण्यापेक्षा मशीनचे तोंड ड्राय बाल्कनीतच उघडे ठेवून त्यापुढे पाण्याची बादली ठेवली, म्हणजे तंतू पाण्यात पडेल, तर काय बिघडेल? माझ्या भावाकडे असेच चालते.

वायरमन, विजापूर रोड

तुमचा प्रश्न योग्य आहे आणि अनेक घरांत हे केले जाते, म्हणून सविस्तर लिहितो. चार किलो सुती टॉवेल वॉशिंग मशीनमध्ये पिळून निघाले तरी त्यांच्यात दोन लिटरच्या आसपास पाणी राहते. ते सगळे पाणी वाफ होऊन बाल्कनीत येईल. एप्रिलमध्ये ते कदाचित जाणवणार नाही. श्रावणात मात्र ते भिंतीत मुरेल, बुरशी येईल, आणि तीच दमट हवा मशीन परत आत ओढून घेईल, त्यामुळे कपडे आणखी उशिरा वाळतील. विजेचे बोर्ड आणि मीटरची वायर त्याच बाल्कनीत असेल तर ओल तिथेही पोचेल. बादलीतल्या पाण्यात जड तंतू पडतो. सर्वांत बारीक धूळ, जी श्वासात जाते, ती हवेतच राहते. ज्या घरात आजारी माणूस अंथरुणावर आहे, तिथे हा मार्ग मी कधीही सुचवणार नाही.

पाइपच नको असेल तर कंडेन्सर किंवा हीट पंपचा ड्रायर हा खरा पर्याय आहे. त्यात वाफेचे पाणी होऊन टाकीत किंवा नळीवाटे मोरीत जाते. त्यालाही सफाई लागतेच. जाळ्या असतात आणि अनेक मॉडेलांत कंडेन्सर बाहेर काढून नळाखाली धुवावा लागतो. पण दुसऱ्या मजल्याच्या भिंतीबाहेर हात घालण्याची वेळ येत नाही.

आगीचा धोका मी वाढवून सांगतो आहे असे कोणाला वाटू नये. अमेरिकेत हे यंत्र घरोघरी असल्यामुळे तिथे त्याची नोंद ठेवली जाते. तेथील अग्निशमन प्रशासनाच्या २००८ ते २०१० या काळावरील अहवालानुसार घरांमध्ये ड्रायरमुळे दरवर्षी सुमारे २,९०० आगी लागल्या, आणि सफाई न करणे हे त्यांतले सर्वांत मोठे कारण, ३४ टक्के, निघाले. आणखी एक विनंती सर्वांना करतो. तापमान फार वाढले की मशीनमधला थर्मल फ्यूज उडतो आणि मशीन बंद पडते. तो फ्यूज बाजूला ठेवून वायर थेट जोडून देणारे लोक आहेत. तसे कोणालाही करू देऊ नका. फ्यूज उडाला म्हणजे हवेची वाट बंद झाली असण्याची शक्यता आहे. आधी ती वाट शोधा आणि मगच नवा फ्यूज बसवा.

पारिजात, जुळे सोलापूर

सुगरणताई, तुमचा अंदाज अगदी बरोबर निघाला. भिंतीतला नळीचा तुकडा आतून ओढून काढला तर त्याच्या बाहेरच्या टोकाला बारीक जाळी होती आणि तिच्यावर बोटभर जाडीचा थर. जाळी दिसतच नव्हती, इतका. थराच्या आतल्या बाजूला दोन-तीन ठिकाणी तपकिरी डाग होते. ते पाहिल्यावर मी थोडा वेळ काही बोलू शकले नाही, कारण मशीनपासून सासूबाईंचे अंथरूण एका भिंतीच्या अंतरावर आहे.

जाळी काढली, झडपेची बिजागरी साफ केली. परवा पत्र्याचे नळ आले. कारागिराने छताजवळची वाट बदलून तीनऐवजी दोनच कोपरे ठेवले आणि लांबीही अकरा फुटांवर आणली. काल पाण्याचा दिवस होता. टॉवेलांचा पहिला घाणा पन्नास मिनिटांत वाळला, काचांवर एकही थेंब नव्हता आणि मोबाईलवर पाहिले तर झडप पूर्ण उघडी होती. दारापाशी कॅलेंडर आहे, त्यावर दर तीन महिन्यांनी पाइप उघडण्याची तारीख लिहून ठेवली आहे.

काका, एक शेवटचे विचारते. दिवाळीला नवे टॉवेल घ्यायचे आहेत. नवे टॉवेल जास्त तंतू सोडतात का, आणि ते ड्रायरमध्ये कधीपासून घालावेत?

फिटरकाका, अक्कलकोट रोड

ताई, नवा टॉवेल सुरुवातीच्या धुण्यांत सर्वांत जास्त तंतू सोडतो. पहिली तीन-चार धुणी वेगळी करा, गच्चीवर वाळवा, आणि वाळल्यावर जोरात झटका. दिवाळीपर्यंत पाऊस सरलेला असतो, तेव्हा गच्ची मोकळी मिळेल. त्यानंतर ड्रायरमध्ये घाला, पण पहिले दोन महिने जाळी घाण्याच्या मध्येही एकदा उघडून बघा. कपडे मऊ करणारे द्रव्य टॉवेलांना लावू नका. वेटोळ्यांवर त्याचा थर बसला की टॉवेल पाणी शोषत नाही, आणि तुम्हाला तो सासूबाईंचे अंग टिपायला हवा आहे.

तीन महिन्यांची तारीख ठीक आहे. पण एखाद्या दिवशी टॉवेलांना पन्नास मिनिटांऐवजी सत्तर लागले, तर तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी झडप बघा.